अर्धदिवसे

दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात उभे राहा. कुठल्या ना कुठल्या मजल्यावरून भिंत खरवडल्याचा आवाज येणारच. पावसाळ्याने भिंतींना पोपडे सुटलेले असतात आणि अर्धदिवशांना हुरूप आलेला असतो. हे आडनाव नव्हे. ‘त्यात काय एवढं? अर्ध्या दिवसाचं काम!’ असं म्हणून बाह्या सरसावतात ते अर्धदिवसे. उभी हयात बँकेत किंवा विम्यात गेलेली, आता निवृत्त. हात मऊ, आत्मविश्वास राकट.

ते मिस्त्रीला बोलावतच नाहीत असं नाही. बोलावतात, चहा पाजतात, ‘आधी काय करणार? मग काय करणार?’ असं खोदून खोदून विचारून मनात टिपून घेतात. आकडा ऐकला की म्हणतात, “एवढ्यात तर आम्ही ८४ साली फ्लॅट बुक केला होता!” मिस्त्री बिचारा निमूट उठतो. जाता जाता बोटाच्या पेराने भिंत वाजवतो, भद्द आवाज येतो. “साहेब, गिलावा सुटलाय. आणि पाणी वरून येतंय.” यातलं पहिलं वाक्य हे अर्धदिवसे काका विसरतात. दुसरं ऐकतच नाहीत.

मग हार्डवेअरचं दुकान. पुट्टी, प्रायमर, पत्री, १८० नंबरचा पॉलिश पेपर, आणि ज्याच्या डब्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय ते सगळं. येताना रिक्षा करावी लागते. मिस्त्रीच्या आकड्याची निम्मी मजल तिथेच गाठलेली असते, पण ते बिल काकूंना दिसत नाही.

खरं तर खिळ्याचं भोक, केसासारखी भेग, तळहाताएवढा पोपडा यासाठी मिस्त्री कशाला हवा? सुटलेलं खरवडा, प्रायमर मारा, पुट्टीचे दोन पातळ हात द्या, पहिला वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका, घासा, झालं. पण तळहाताएवढ्यावर थांबतील ते अर्धदिवसे कसले! पोपड्याची कड नखाने उचलली की ती पुढे पुढे जाते आणि काका तिच्या मागे. “अहो, बस करा आता,” असं काकू म्हणेपर्यंत परातीएवढा गिलावा ढपकन सोफ्यावर. आत लाल वीट, विटेवर पांढरा खार.

आता पीओपी. ते पाण्यात कालवलं की दहा-पंधरा मिनिटांत आवळतं. नेमका तेव्हाच जावयाचा फोन येतो आणि काका त्याला भिंत घरच्या घरी कशी दुरुस्त करावी हे समजावून सांगू लागतात. फोन ठेवला तेव्हा घमेल्यात थापीसकट दगड झालेला. तो आता बाल्कनीच्या दाराला अडणी म्हणून ठेवलाय. दुसऱ्या खेपेचं पीओपी भिंतीत गेलं खरं, पण ओल्या भिंतीत ते टिकत नाही. पाणी पिऊन आठवड्यात भुसभुशीत.

ही ओल भिंतीतली की हवेतली हे तपासता येतं. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दिवसभर ठेवायचा. थेंब बाहेरून आले तर हवेतली, आतून आले तर भिंतीतली. काकांनी हे केलं. थेंब आतून आले. काकांनी निष्कर्ष काढला, “चिकटपट्टी हलकी आहे.”

कारण थेंब आतून आले हे मान्य केलं, की वर जाऊन बेल वाजवावी लागते. वरच्यांशी पार्किंगवरून अबोला. ‘तुमच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप जरा बघून घेता का?’ एवढं एक वाक्य बोलण्यापेक्षा काका अख्खी भिंत नव्याने बांधतील. माझं तर मत असं, की घरी की मिस्त्रीकडून, हा अर्धदिवशांचा प्रश्नच नसतो. वरच्या मजल्याची बेल टाळायला मिळालेली ती सवड असते. वरच्या बाथरूमची गळती फ्लॅटवाल्याने काढायची, गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून आली तर सोसायटीने, हा नियम त्यांना तोंडपाठ आहे. वार्षिक सभेत दोघा-तिघांना त्यांनी तो सुनावलाही आहे.

शेवटी काकूच डब्यात चकल्या घालून वर गेल्या. वरच्यांना गळतीची कल्पनाच नव्हती. मिस्त्री आला, वरचा ट्रॅप बदलला, फरशीचे सांधे भरले. खाली भिंत सुकू दिली, सुटलेला गिलावा काढून नवा केला, आठवडाभर पाणी मारलं. नव्या गिलाव्यावर महिनाभर रंग लावायचा नसतो, त्यामुळे दिवाळीचे पाहुणे उघड्या सिमेंटला पाठ लावून फराळ करून गेले.

मिस्त्री काम करत होता तेव्हा काका घोड्याचा पाय धरून, हातात बॅटरी घेऊन उभे होते. “डावीकडे घे, डावीकडे.” आता बी विंगमध्ये कुणाची भिंत ओलावली की काका स्वतःहून मिस्त्रीचा नंबर देतात. “बोलवा खुशाल. चांगला मुलगा आहे, माझ्या हाताखाली तयार झालाय.”