व्हाया घाटकोपर परदेश

डोंबिवलीहून परदेशी जाण्याचे मार्ग दोन: हवाई आणि खुश्कीचा. हवाई मार्गातही निम्मा जीव खुश्कीतच जातो. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे असते. डोंबिवलीकर घरातून सहा तास आधी निघतो, कारण विमान दुबईला कधी उतरेल ते सांगता येते, गाडी शीळफाट्यातून कधी सुटेल ते नाही. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुलुंड-ऐरोलीच्या नाक्यांवर मोटारींचा टोल गेला. पैसे वाचले, वेळ होता तिथेच आहे. त्याच महिन्यात भुयारी मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि गाडी बदलून टर्मिनल २ असा रस्ता खुला झाला. सकाळच्या लोकलमध्ये २३ किलोची बॅग घेऊन शिरलेल्या माणसाला पुढे कोणत्याही सीमेवर अडवण्यात अर्थ नसतो.

इमिग्रेशनच्या रांगेत पूर्वी प्रस्थानाचा फॉर्म भरावा लागे. भारतीयांसाठी तो १ जुलै २०१७ पासून बंद झाला आणि रांगेत पेन मागता मागता होणाऱ्या ओळखीही संपल्या. परदेशी उतरल्यावर अधिकारी विचारतो, किती दिवस राहणार? मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या ठाण्याच्या आजी यावर, 'जावई म्हणतील तसं,' असे खरे उत्तर देतात. खरे असले तरी ते देऊ नये. परतीच्या तिकिटाची तारीख सांगावी.

खरी कसोटी बॅगेची. सुके खोबरे चेक-इन बॅगेत चालत नाही, तेलामुळे ते पेट घेऊ शकते. ऑस्ट्रेलियात भारतातले पेढे-बर्फी नेता येत नाहीत, तिथल्या गुरांना लाळ्या-खुरकुताची लागण होऊ नये म्हणून. अमिरातीत तर खसखस अमली पदार्थांत मोडते. म्हणजे दिवाळीला दुबईच्या लेकीसाठी खसखस लावलेले जाळीदार अनारसे नेणारी आई कायद्याच्या दृष्टीने तस्करी करत असते, तीही स्टीलच्या डब्यात. डब्याला घट्ट बांधलेला नाडा सोडायला अधिकाऱ्याला वेळ लागतो, एवढाच काय तो दिलासा.

खुश्कीचा मार्ग त्यामानाने सोपा. कुशीनगर एक्स्प्रेस कल्याणला थांबते. ती गोरखपूरला सोडते, तिथून बसने सीमेवरचे सोनौली. मतदार ओळखपत्र जवळ असले की कमानीखालून चालत नेपाळात. व्हिसा नाही. घड्याळ १५ मिनिटे पुढे करावे लागते, पण मध्य रेल्वेच्या प्रवाशाला एवढा फरक जाणवत नाही.

परतताना जकातीचे सामान नसेल तर ग्रीन चॅनेलने सरळ बाहेर पडता येते. मात्र संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान उतरणाऱ्याने बॅगांसह घाटकोपरच्या फलाटावर जाण्याचे धाडस करू नये. टॅक्सी करावी.