पुन्हा सिंघम, पुन्हा हवेत गाड्या

2010 मध्ये तमिळ ‘सिंगम’ आला. पुढच्याच वर्षी रोहित शेट्टीने त्याला हिंदीत आणून बाजीराव सिंघम केला आणि गोव्यात खलनायक जयकांत शिक्रेसमोर उभा केला. 2014 मध्ये ‘सिंघम रिटर्न्स’, 2024 च्या दिवाळीत ‘सिंघम अगेन’. मधल्या काळात त्याच पोलीस-विश्वात ‘सिंबा’ आणि ‘सूर्यवंशी’ही भरती झाले. खऱ्या पोलीस भरतीला एवढी गती कुठली?

‘सिंघम अगेन’मध्ये कथेची जबाबदारी थेट रामायणावर टाकली होती. सिंघमची बायको अवनी हिचं अपहरण, श्रीलंका, आणि प्रेक्षकाला चुकूनही कळायचं राहू नये म्हणून मध्येमध्ये रामलीला. रणवीर सिंग हनुमान, टायगर श्रॉफ लक्ष्मण, हेलिकॉप्टरमधला अक्षय कुमार जटायू. इतके तारे एका पडद्यावर मावेनात, तेव्हा शेवटी सलमान खानचा चुलबुल पांडेही डोकावून गेला.

अशा सिनेमाचा प्रेक्षक मोठा मनस्वी. बाहेर पडताना ‘तेच ते’ म्हणून कुरकुरतो. पण गाडी हवेत उडाली नसती, तर पैसे परत मागितले असते! कुणाला रणवीरचे विनोद आवडतात, कुणाला तेवढेच खटकतात. ‘पहिल्याची सर नाही’ यावर मात्र एकमत, आणि तो पहिलाही रिमेकच.

गंभीर तक्रार केली ती मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी. कायदेशीर प्रक्रियेला वळसा घालून झटपट न्याय देणारा सिंघम घातक संदेश देतो, असं ते 2023 मध्ये जाहीरपणे म्हणाले. पुढच्याच वर्षी ‘सिंघम अगेन’ प्रदर्शित झाला.