डब्यावरचे नाना

बीडला बार्शी नाक्याजवळच्या एका गॅरेजसमोर बाकडं आहे. त्यावर नाना दिसले नाहीत, तर समजावं आज गॅरेज बंद. नाना मिस्तरी नाहीत. त्यांच्या हातात पान दिसतं, पाना कधी दिसला नाही. पण फिटरनं इंजिनखालचा बोल्ट सोडला आणि काळी धार ट्रेमध्ये पडायला लागली, की नाना चहा बाजूला ठेवतात. ट्रेमध्ये दोन बोटं बुडवतात, अंगठ्यानं चोळतात, वास घेतात आणि सोयरीक मोडायला आलेल्या मामासारखे गाडीवाल्याकडे बघतात.

"कुठलं टाकलं होतं?"

गाडीवाला नाव सांगतो. सर्वो सांगा, मॅक सांगा, गल्फ सांगा.

"तरीच!"

माणसानं पक्ष बदलावा, बँक बदलावी, वेळ आली तर व्याही बदलावा, पण ऑइलचा ब्रँड बदलू नये. बदलला की इंजिन रुसतं, असं नानांचं मत. त्यांचा ब्रँड कुठला हे मी लिहीत नाही, कारण त्यांचे साडू दुसऱ्या ब्रँडचे आहेत आणि साडू वाचतात. दोघं लग्नात एका पंगतीला बसत नाहीत. दोघांच्याही स्प्लेंडरच. ॲव्हरेज विचारलं तर दोघंही साठच सांगतात. दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन ट्रॅक्टर कारखान्यांकडे निघाले, की नानांचा सीझन. तेव्हा त्यांना घरी जेवायलाही फुरसत नसते.

फिटर कमी बोलतो. ब्रँडनं खरंच फरक पडतो का, असं मी त्याला एकदा हळूच विचारलं. "सर, डब्याच्या पुढं काय लिव्हलंय ते समदे बघतात. मागं बघा." मागं १०डब्ल्यू-३० होतं आणि खाली जासो एमए. डब्ल्यू म्हणजे विंटर: आधीचा आकडा थंडीत तेल किती वाहतं त्याचा, नंतरचा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहतं त्याचा. (बीडच्या मे महिन्यात विंटरचं काय काम, असं मी नानांना विचारलं. "काश्मीरचा माल चुकून इकडं आला असंल," म्हणाले.) एमए हे मोटारसायकलसाठी. तिचा क्लच इंजिनाच्याच तेलात भिजलेला असतो, म्हणून तेल फार निसरडं असून चालत नाही. कंपनीनं सांगितलेला आकडा आणि ही अक्षरं जुळली, तेल अस्सल असलं, वेळेवर बदललं आणि पट्टीवर पुरेसं दिसलं, की डबा लाल का हिरवा याचा इंजिनाला पत्ता नसतो.

मागच्या उन्हाळ्यात पुतण्याच्या नव्या कारचं तेल उरलं. ब्रँड आपलाच, म्हणून नानांनी ते स्प्लेंडरमध्ये ओतलं. आठवड्यानं कपिलधारला निघाले, तर मांजरसुंब्याच्या घाटात इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी काही चढेना. क्लच प्लेटा घसरत होत्या. स्प्लेंडर टेम्पोच्या हौद्यात आणि नाना ड्रायव्हरशेजारी, अशी वरात गॅरेजवर आली.

"डुप्लिकेट निघालं," नाना खाली उतरता उतरताच म्हणाले.

फिटर काही बोलला नाही. त्यानं प्लेटा बदलल्या. नवा डबा नानांनी त्याच ब्रँडचा घेतला. मागची बाजू फिटरनं वाचली.