बंदरकाका

सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या बोटीवर डिसेंबर-जानेवारीत मराठी माणसांचा एखादा घोळका असतोच, आणि त्या घोळक्यात एक तरी बंदरकाका असतात. वय पासष्ट ते पंचाहत्तर. निवृत्ती बँकेतून, बहुतेक तपासणी खात्यातून. कमरेला पाऊच, गळ्यात बोटीचं कार्ड, डोक्यावर मागच्या सफरीत फुकट मिळालेली टोपी, मनगटावर चावीचं एचएमटी. त्यांना क्रूझची आवड आहे असं म्हणता येणार नाही. पोहण्याचा तलाव, कॅसिनो, रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रम, यांतल्या कशाशीच त्यांना कर्तव्य नसतं. बोट धक्क्याला लागावी आणि वेळेवर सुटावी, एवढीच त्यांची हौस. मधे जे शहर लागतं ते ते सहन करतात.

काकांची सफर घरातल्या दिवाणावर, माहितीपत्रक आणि भिंग घेऊन सुरू होते. आपण सामान्य माणसं पत्रकात 'बँकॉक' वाचतो आणि खूश होतो. काका त्यापुढचा कंस वाचतात. कंसात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, लेम चबांग. मग काका भिंग खाली ठेवून सांगतात, "म्हणजे बँकॉक नव्हेच. तिथून बँकॉक सव्वाशे किलोमीटर. जायला दोन तास, यायला दोन तास, वाहतूक अडली तर आणखी. बुद्धाचं दर्शन बसच्या खिडकीतून." हो ची मिन्ह सिटीचा कंस म्हणजे फू मी, तिथेही सत्तरएक किलोमीटर. क्वालालंपूरचा कंस म्हणजे पोर्ट क्लांग. तासभर आधी बसमध्ये बसायचं, मग बाटू गुंफांच्या २७२ पायऱ्या, आणि मग उलट मोजणी. उलट तैपेईचा कंस काकांना प्रिय आहे. तिथे कीलुंगला बोटीतून उतरलं की समोरच रेल्वे स्टेशन, पाऊण तासात तैपेई. हाँगकाँगला त्यांचा एकच प्रश्न असतो: ओशन टर्मिनल की काय टाक? ओशन टर्मिनल भर वस्तीत, चिम शा चुईला. काय टाक म्हणजे जुन्या विमानतळाची धावपट्टी, तिथे २०१३ पासून बोटी लागतात. "बोट धावपट्टीवर लावतात, आणि आपण टॅक्सी शोधत फिरायचं!"

या खेपेची आमची सफर त्यामानाने साधी होती: सिंगापूर, पेनांग, फुकेत, परत सिंगापूर. तरीही पहिली ठिणगी डोंबिवलीतच पडली. दिवाळी नुकतीच झालेली, काकूंनी डबाभर अनारसे बाजूला काढून ठेवलेले. काकांनी डबा उघडला, एक अनारसा उजेडात धरला आणि डबा परत कपाटात ठेवला.

"सिंगापूरला खसखस चालत नाही. अफूचं बी धरतात तिथे."

"अहो, पण खसखशीशिवाय अनारसा म्हणजे काय?"

"अटक टळलेला अनारसा."

काकूंनी रागाने करंज्या भरायला घेतल्या. सारणात खसखस होती, म्हणून त्याही राहिल्या. शेवटी दुकानातून बंद पाकिटातला चिवडा आला आणि काकूंनी तो संपूर्ण सफरीत फोडला नाही. राग आला की माणूस काय करील सांगता येत नाही. पण सांगायची गोष्ट अशी की काकांचं म्हणणं बरोबर होतं. बंदरकाका या प्राण्याचं दुखणं नेमकं हेच आहे. ते चुकत नाहीत. चुकले असते तर आपण त्यांच्यावर प्रेम केलं असतं.

व्हिसाचंही तसंच. बोट सिंगापूरहून निघते आणि सिंगापूरला परत येते, म्हणजे आपण त्या देशात दोनदा शिरतो. व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे का, हे काकांनी आमच्या सगळ्यांच्या कागदांवर स्वतः बोट ठेवून तपासलं. शिवाय सिंगापूरचं ऑनलाइन आगमनपत्र, पोचण्याच्या आधी तीन दिवसांच्या आत भरायचं. "फुकट असतं. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की समजायचं, चोराची आहे." मग बॅगा. मोठी बॅग धक्क्यावर दिली की केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते, तेव्हा औषधं, पासपोर्ट आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत. इस्त्री नको, पाण्याची किटली नको, जप्त होतात. घोळक्यातल्या एका वहिनींनी किटली नेलीच. ती क्ष-किरणांत दिसली, बोटीवाल्यांनी पावती देऊन ठेवून घेतली, आणि चार दिवस काका वहिनींना रोज सकाळी विचारत राहिले, "चहा झाला का?"

सिंगापुरात क्रूझची दोन टर्मिनलं आहेत, एक हार्बरफ्रंटला आणि दुसरं मरीना साउथला. टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ' म्हणालात तर तो त्याच्या मनाला येईल तिथे सोडील, म्हणून काकांनी टर्मिनलचं नाव चिठ्ठीवर लिहून प्रत्येक टॅक्सीच्या पुढच्या सीटवर एकेक चिठ्ठी धाडली. टॅक्सीवाल्यांनी ती आदराने वाचली. त्यातल्या एकाने खिशात ठेवून घेतली, बहुधा आठवण म्हणून.

बोट सुटली तशी काकांनी सगळ्यांना फोन विमान मोडवर टाकायला लावले. भर समुद्रात फोन बोटीचं नेटवर्क पकडतो आणि घरी गेल्यावर बिल येतं ते वाचून माणूस बसतो. "पण काका, बोटीत विमान मोड?" असं एका पोराने विचारलं. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने फोनच बंद केला.

पेनांगला काका जवळजवळ सुखी झाले. इथे कंस नव्हता. बोट स्वेटनहॅम धक्क्याला लागते आणि धक्क्याबाहेर पडलं की जॉर्जटाउन सुरूच होतं; २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेलं अख्खं गाव पायी फिरण्यासारखं. पहिल्याच चौकात घड्याळाचा मनोरा. व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवानिमित्त उभारलेला, साठ वर्षांसाठी साठ फूट. तो किंचित कललेला आहे याकडे काकांचं लक्ष गेलं नाही, त्यांनी घड्याळ तेवढं एचएमटीशी लावून पाहिलं. शेजारचा कॉर्नवॉलिसचा किल्ला त्यांनी बाहेरून पाहिला. आत शिरलं की वेळेचा अंदाज राहत नाही म्हणे. काकू मात्र बायकांना घेऊन सरळ लिटल इंडियात गेल्या. क्वीन स्ट्रीटवरच्या महामारिअम्मनच्या देवळात नमस्कार केला, केळीच्या पानावर जेवल्या, फेसाळ 'तेह तारिक' चहा प्यायल्या, आणि भिंतीवर रंगवलेली सायकलवाली पोरं शोधत आर्मेनियन स्ट्रीटला पोचल्या.

काकांना खरं सुख लाभलं ते च्यू जेटीवर. पाण्यात खांब रोवून फळ्यांच्या वाटेच्या दोन्ही अंगांना चिनी कुटुंबांनी बांधलेली घरं. एका कुळाची एक जेटी. माणसं धक्क्यावर जन्मतात, धक्क्यावर राहतात, कुठून परतायची घाई नाही. काका त्या फळ्यांवर बराच वेळ उभे होते. पहिल्यांदाच त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. मग पाहिलं, आणि आम्ही बोट सुटायच्या अडीच तास आधी परत.

त्या अडीच तासांचं ते काय करतात, हे मला तेव्हा कळलं. सगळ्यांत वरच्या डेकवर कठड्याला टेकून ते उभे राहतात, उशिरा येणारी माणसं बघायला. धक्क्याच्या त्या टोकाला एखादं जोडपं दिसतं, हातात पिशव्या, आधी झपझप, मग पळत. डेकवरचे परदेशी टाळ्या वाजवतात. काका टाळ्या वाजवत नाहीत, मिनिटं मोजतात. "बोटीच्या सहलीने गेलेल्यांसाठी बोट थांबते. आपलं आपण गेलेल्यांसाठी नाही. पासपोर्ट तेवढा तिथल्या एजंटाकडे ठेवते आणि जाते. पुढच्या बंदरात विमानाने या, स्वखर्चाने." एजंटाचा फोन नंबर रोज सकाळी केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात छापलेला असतो. तो आम्हां सगळ्यांकडून त्यांनी लिहून घेतला होता. काकू खुर्चीवर पाय चोळत होत्या. मला म्हणाल्या, "लोकांचे नवरे बायकोला आशिया दाखवतात. ह्यांनी मला आशियातले धक्के दाखवले."

आणि मग फुकेत.

फुकेतला मोठ्या बोटी हिवाळ्यात पातोंगच्या खाडीत नांगर टाकून उभ्या राहतात, आणि माणसांना लाँचमधून किनाऱ्यावर नेतात. काकांचे वडील कोकणबोटीने मुंबईला आलेले. बोट लांब उभी राहायची आणि पडावातून चढ-उतार व्हायची. त्यामुळे लाँच हा काकांचा जिव्हाळ्याचा विषय. "सगळी माणसं एकदम उतरवत नाहीत. नंबर मिळतो. म्हणून नाश्ता सातला." आम्ही सातला नाश्ता केला आणि नऊपर्यंत नंबर हातात धरून बसलो.

पण आदल्या रात्रीच काकांनी खरी सूचना दिली होती. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. बोटीचं घड्याळ मात्र सिंगापूरचंच राहणार होतं, तसं पत्रकात छापलेलं होतं. फोन किनाऱ्यावर उतरला की आपोआप थायलंडची वेळ दाखवणार. "तेव्हा फोन बघू नका. शेवटची लाँच बोटीच्या सहाला, म्हणजे फोनच्या पाचला." हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना पुण्याचं एक तरुण जोडपं एकमेकांकडे बघून हसलं आणि मिठाई आणायला उठून गेलं.

पातोंगमध्ये काय झालं ते मी फार सांगत नाही. टुकटुक म्हणजे लहानशी लाल गाडी, मीटर नसतो, भाडं आधी ठरवायचं. वाट चलोंगच्या देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. काकांनी सगळ्यांना धक्क्याचा फोटो काढून ठेवायला लावला, कारण या बेटाला धक्के अनेक. नुसतं 'बोटीवर सोड' म्हटलं तर टुकटुकवाला चलोंगला नेऊन सोडील नाहीतर रासाडाला. वाळूत पाय न भरवता काका दुपारी दोनलाच धक्क्यावर परतले. काकूंना लाँचने बोटीवर धाडलं आणि स्वतः मात्र तिथेच थांबले. हातात आमच्या घोळक्याची यादी होती. जो येईल त्याच्या नावापुढे बरोबरची खूण.

पावणेपाचला, म्हणजे बोटीच्या पावणेसहाला, दोन नावांपुढे खूण नव्हती. पुणेकरांचा फोन लागेना. पाचला दोन मिनिटं कमी असताना शेवटच्या लाँचवरच्या खलाशाने हात केला. आम्ही आत बसलो. काकांना कार्ड सापडेना.

ज्या माणसाच्या पाऊचमध्ये रिंगिटची पिशवी वेगळी, बातची वेगळी, मागच्या सफरीतल्या व्हिएतनामी डाँगची वेगळी आणि प्रत्येकीवर मराठीत चिठ्ठी, त्याला गळ्यातलं कार्ड सापडेना. कार्ड शर्टाच्या आत गेलं होतं हे मला दिसत होतं. काकांनी रिंगिटची पिशवी उघडली. बंद केली. डाँगची उघडली, त्यातून पाच लाखांची नोट काढून खलाशाला दाखवली, परत ठेवली. खलाशी आधी हसला, मग घड्याळ बघू लागला, मग वॉकीटॉकीवर काहीतरी बोलला. काकांनी बसून बुटाची नाडी सोडली.

तेवढ्यात ती दोघं आली. पळत नव्हती. नारळाचं आइस्क्रीम खात, फोटो काढत, रमतगमत येत होती. काकांना पाहून मुलगी कौतुकाने म्हणाली, "काका, बघा, तुमचं ऐकलं. तासभर आधी आलो!"

काकांनी शर्टातून कार्ड काढलं, खलाशाला दाखवलं आणि लाँचमध्ये येऊन बसले. खाडीच्या मध्यावर आल्यावर एवढंच म्हणाले, "तास होता. थायलंडचा होता."

त्या रात्री जेवताना त्यांनी सिंगापूरचं घड्याळ, थायलंडचं घड्याळ, भारत सिंगापूरच्या अडीच तास मागे कसा आणि थायलंडच्या दीड तास कसा, हे सगळं मिठाच्या आणि मिऱ्याच्या बाटल्या मांडून पुणेकरांना समजावलं. सूप गार झालं, आइस्क्रीम वितळलं, शेजारचं टेबल उठून गेलं, तरी बाटल्या फिरत होत्या. कार्डाचा विषय कुणी काढला नाही. काकांनी तर नाहीच.

तुमच्या बोटीवर असे एक काका असतीलच. जेवणाचं टेबल त्यांच्यापासून लांबचं मागून घ्या, आणि किनाऱ्यावर उतरण्याआधी आपलं घड्याळ त्यांच्या घड्याळाशी लावून घ्या.