सोप्पंय हो एकदम!

"दहा मिनिटांत युकुलेले शिका," असं व्हिडिओतला तो हसरा मुलगा म्हणाला, त्याला आता सात महिने झाले. माझी दहा मिनिटं अजून संपायची आहेत.

खोकं आलं तेव्हा कुरिअरवाल्यापासून सगळ्यांना ते नातवाचं खेळणं वाटलं. शेजारच्या काकूंनी नाव विचारलं. सांगितलं. क्षणभर विचार करून त्या म्हणाल्या, "कुठले लेले?"

वाद्य हवाईचं, पण जन्म उसाच्या फडातला. 1879 च्या ऑगस्टमध्ये 'रेव्हन्सक्रॅग' नावाच्या जहाजातून मदेरा या पोर्तुगीज बेटावरची चारशेहून जास्त माणसं होनोलुलुला उतरली, उसाच्या मळ्यांत राबायला. त्यांच्यात तिघं सुतारकामातले होते. त्यांनी गावाकडच्या छोट्या तंतुवाद्यावरून हे घडवलं आणि राजा कालाकाउआने ते दरबारात नेऊन बसवलं. आपल्याकडे उसापासून साखर निघते, मळी निघते, स्पिरिट निघतं, आमदार निघतात. वाद्य काही निघालेलं ऐकलं नाही. पोर्तुगीज गोव्यात साडेचारशे वर्षं राहिले. मिरची दिली, काजू दिला, पाव दिला, आणि हे मात्र तिकडे दिलं!

गाणं निवडलं 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह'. 1961 च्या 'ब्लू हवाई' चित्रपटातलं, एल्विस प्रेस्लीचं. म्हणजे गाणं आणि वाद्य एकाच गावचं. (चाल मुळात मार्टिनी नावाच्या गृहस्थांच्या अठराव्या शतकातल्या फ्रेंच गाण्यावरून उचललेली, हे नंतर कळलं. आपल्या सिनेसंगीतकारांना आपण उगाच नावं ठेवतो.) शिवाय ठेका संथ, सहा मात्रांचा. म्हणजे दादराच की! लहानपणी दोन वर्षं पेटी शिकलो होतो. मास्तरांनी सहा महिने अलंकारांच्या पुढे हलू दिलं नव्हतं. इथे मास्तरच नाहीत म्हटल्यावर माणूस खूश होणारच.

सी कॉर्डला एकच बोट लागतं. सगळ्यात खालची तार, तिसरा पडदा, दाबा आणि छेडा. इतकं गोड वाजतं की इथेच माणूस फसतो. पाठोपाठ येतो ई मायनर. तीन बोटं चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या पडद्यावर जिना उतरल्यासारखी ठेवायची. माझी करंगळी दर वेळी जिन्यावरून घसरते. सीवरून ई मायनरला पोचेपर्यंत मध्ये इतकी शांतता पसरते की बायको आतून विचारते, "भाजी आणायला निघताय ना मग?"

खरी गाठ मधल्या कडव्यात, बी सेव्हनशी. तर्जनी दुसऱ्या पडद्यावर चारही तारांवर आडवी दाबून धरायची आणि वर मधल्या बोटाने आणखी एक तार तिसऱ्या पडद्यावर. आवाज येतो पत्र्यावर वाटाणे सांडल्याचा. आणि हा प्रकार एकदा नव्हे, लागोपाठ तीनदा. दहा मिनिटांच्या व्हिडिओत हे कडवंच नाही. ते पुढच्या व्हिडिओत, आणि पुढचा व्हिडिओ पैसे भरून.

त्यात तारा नायलॉनच्या. नव्या असताना ताणत जातात, त्यामुळे सकाळी लावलेलं वाद्य दुपारपर्यंत उतरलेलं असतं. वरची तार खर्जात असेल असं कुठल्याही सरळ माणसाला वाटेल. ती मुद्दाम चढी लावतात. जॉर्ज हॅरिसनसारखा माणूस या वाद्याच्या नादी कसा लागला असेल, देव जाणे.

कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर माझं नाव पुकारलं गेलं. 'नवोदित कलाकार', वय वर्षं चौपन्न. प्रस्तावनेत मी हॅरिसन आणला, पंडित रविशंकरांना आणलं, 1971 चा न्यूयॉर्कमधला बांगलादेशच्या मदतीचा कार्यक्रमही आणला. तिथे पंडितजी सतार जुळवत होते आणि लोकांनी तेवढ्यावरच टाळ्या वाजवल्या होत्या. गच्ची मनापासून हसली. मला हुरूप आला. पहिली दोन कडवी मान डोलावत वाजवली, बी सेव्हन दिसताच आदबीने थांबलो आणि हात जोडावेत की वाकावं या विचारात पडलो.

पुढच्या खुर्चीतल्या आजोबांनी मसाला दुधाचा पेला खाली ठेवला.

"लागलं का एकदाचं? करा मग सुरू."