वॉलरबाई, पुढची तुकडी हरिहरेश्वरी उतरवा

श्रीमती अमांडा वॉलरबाई,
टास्क फोर्स एक्स, अमेरिका यांस,



तुरुंगातले गुन्हेगार जिवावरच्या कामगिरीवर धाडणाऱ्या आपल्या खात्याच्या कर्तबगारीवरचा ‘द सुसाइड स्क्वाड’ पाहिला. २०२१च्या ऑगस्टात तो आला तेव्हा महाराष्ट्रातली थिएटरं कोविडमुळे बंद होती. म्हणून नंतर घरीच, मुलांना झोपवून. पत्रास कारण की, आमचा धंदा किनाऱ्यावर येणाऱ्यांवरच चालतो (खोल्या व घरगुती जेवण, मुक्काम हरिहरेश्वर, ता. श्रीवर्धन) आणि तुमच्या माणसांना किनाऱ्यावर धड उतरताही येत नाही.

एवढ्या थाटात ओळख करून दिलेली जवळजवळ अख्खी पहिली तुकडी वाळूवर पाय ठेवताच गारद! वीझल तर गोळी लागण्याआधीच बुडाल्यात जमा, कारण त्याला पोहता येतं का हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि तुमचे कर्मचारी कोण मरणार यावर पैजा लावून बसलेले. सरकारी बेफिकिरी इतकी नेमकी फार थोड्या सिनेमांत दिसते. दिग्दर्शक जेम्स गनला इथे पैकीच्या पैकी. आमच्याकडे येताना निदान भरती-ओहोटी बघा. प्रदक्षिणेची वाट दोन कड्यांच्या फटीतून थेट खडकांवर उतरते, तिथे उधाणाच्या दिवशी लाट माणूस ओढून नेते. आणि आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, मग पुन्हा काळभैरवाचं. हा क्रम तुमच्या हार्ली क्विनलाही चुकवता येणार नाही.

दुसऱ्या तुकडीतला पोल्का-डॉट मॅन आम्हा उभयतांना फार आवडला. अंगावरचे रंगीत ठिपके फेकून मारणारा टाकाऊ गडी, त्याला प्रत्येक शत्रूत स्वतःची आई दिसते. हसता हसता त्याची कणव कधी आली कळलं नाही. उंदीरवाल्या पोरीचंही तेच. हार्लीचा राजवाड्यातला प्रकार मात्र दुसऱ्याच सिनेमातून उचलून आणल्यासारखा. रक्ताऐवजी फुलं उधळतात ते देखणं आहे, पण तोवर मुख्य गोष्ट ताटकळते.

खरी तक्रार पुढेच आहे. जंगलातली ती छावणी. त्याच तुकडीतले ब्लडस्पोर्ट आणि पीसमेकर चुरशीनं एकेकाला संपवतात आणि मग कळतं, अरेच्चा, हे तर आपल्याच बाजूचे बंडखोर! विनोद चोख जमलाय. पण त्यांची पुढारी सोल सोरिया थोडी चिडते आणि लगेच यांच्याबरोबर निघते. मेलेल्यांपैकी एकाचंही नाव कुणी घेत नाही. इथे आमचं हसू थांबलं.

कारण आमच्याच तालुक्यात, शेखाडीला, फेब्रुवारी १९९३मध्ये आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. माल पुढे सरकला तो कस्टम्स आणि पोलिसांतल्याच काहींच्या मेहेरबानीनं. त्यांना पुढे शिक्षाही झाल्या. २०२२ साली, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, आमच्या किनाऱ्याजवळ रिकामी बोट सापडली. आत तीन एके-४७! पुन्हा तेच की काय, या भीतीनं राज्यभर नाकाबंदी. मग कळलं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईंची, मस्कतहून युरोपला निघालेली. जूनमध्ये इंजिन बंद पडलं, माणसांना कोरियन युद्धनौकेनं वाचवलं आणि बोट एकटीच भटकत इकडे आली. बंदुका होत्या, खलनायक नव्हता.

तुमच्या सिनेमाला वरच्यांची लबाडी पुरेपूर कळते. कोर्टो माल्टीज बेटावरच्या माणसांवर परग्रही तारामासा वापरून तीस वर्षं प्रयोग झाले, त्यात अमेरिकेचाच हात होता आणि तो लपवायलाच तुकडी पाठवली, हे तो न कचरता सांगतो. पण ज्यांच्यावर प्रयोग झाले ती माणसं पडद्यावर येतात ती तोंडावर तारामासा चिकटवूनच. दोन तास बारा मिनिटांत त्यांतल्या एकाला तरी साधी चहाची टपरी चालवताना दाखवायला काय हरकत होती?

असो. तुकडी पाठवणार असाल तर आगाऊ कळवा; उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात. माणसं खाणाऱ्या किंग शार्कला मासळी पुरवू, पण तो पाहुण्यांच्या पंक्तीत बसणार नाही याची लेखी हमी हवी. उंदरांचे वेगळे पैसे पडतील, वाडीतल्या नारळांचा प्रश्न आहे. पीसमेकरला मात्र खोली मिळणार नाही. शांततेसाठी वाटेल तेवढी माणसं मारायला तयार असलेला गिऱ्हाईक आम्हाला परवडत नाही.

कळावे,
आपला,
एक खोलीवाला