कुंभार्लीमार्गे वऱ्हाड

लग्नाच्या वाढदिवसाला माणसं महाबळेश्वरला जातात, गोव्याला जातात, हल्ली थेट बालीला जातात. आम्ही एसटीने चिपळूणला निघालो. कल्पना बायकोची. 1993 च्या मे महिन्यात आमचं वऱ्हाड पुण्याहून ज्या रस्त्याने तिच्या गावी गेलं, तो रस्ता तिला 'मुलाकडच्यांसारखा' बघायचा होता. एरवी ती या रस्त्याने कितीदा तरी गेली आहे. पण माहेरी निघालेली बाई रस्ता बघत नाही, घड्याळ बघते.

स्वारगेटहून गाडी सुटली आणि कंडक्टर आला.

"दोन चिपळूण," मी म्हणालो.

"ताई हाफ," तो म्हणाला. 17 मार्च 2023 पासून एसटीत समस्त महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे त्यात वाद नव्हता. मग त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं. "काका, आधार कार्ड दाखवा. पासष्ट पूर्ण असतील तर तुमचंही हाफ."

मला अजून साठ लागायची आहेत.

"पूर्ण नाहीत," खिडकीबाहेरची नजर न हलवता बायको म्हणाली. "दिसतात नुसते."

मी पूर्ण पैसे मोजले. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट नेते, तेव्हा जरा दम धरला असता तर आणखी स्वस्तात पडलं असतं, हा हिशेबही तिने कात्रजच्या बोगद्यात मांडला.

त्या वेळी अख्खी गाडी आमची होती. लग्नासाठी एसटीची गाडी ठरवायची तर 'प्रासंगिक करार' करावा लागतो. वडिलांनी तो करार आमच्या दोघांच्या पत्रिकांपेक्षा बारकाईने वाचला होता. पत्रिकेत छत्तीस गुणांपैकी किती जुळले ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पण पुणे ते चिपळूण जाऊन येऊन किलोमीटर किती, आणि खोळंबा झाला तर आकार किती, हे ते झोपेतही सांगत.

खंबाटकीच्या घाटात साक्षी-पुरावे सुरू झाले.

"इथेच आत्यांना गाडी लागली," बायको म्हणाली.

"आत्याला कुंभार्लीत लागली."

"कुंभार्लीत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा इथे. आवळासुपारी संपली होती म्हणून सासूबाईंनी पिशवीतून लिंबू काढून दिलं. ते नेमकं दृष्ट काढायला आणलेलं निघालं. त्यावरून आजी साताऱ्यापर्यंत बोलल्या नाहीत."

आता, बायको त्या गाडीत नव्हती. ती तेव्हा चिपळुणात दोन्ही हात मेंदीने बांधून बसली होती. पण सासूच्या तोंडून इतकी वर्षं ऐकलेला प्रवास तिला गाव-गाव पाठ आहे. मी त्या गाडीत होतो, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, मांडीवर मुंडावळ्यांची पेटी घेऊन. आणि गाढ झोपलेलो होतो. त्यामुळे माझ्या बाजूची साक्ष पहिल्यापासून लंगडी.

साताऱ्याला गाडी दहा मिनिटं थांबली. तेव्हाही दहाच मिनिटं थांबायची होती. पण व्याह्यांच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून मामा कंदी पेढे आणायला उतरले. मामांना पेढ्यातलं कळत असे. एका दुकानातला पेढा चाखून दुसऱ्यात, दुसऱ्यातला चाखून तिसऱ्यात, असं करत ते पुडा घेऊन आले तेव्हा पाऊण तास उलटला होता आणि मामांना जेवण नको होतं. संध्याकाळी पाचचं सीमांतपूजन आम्ही रात्री नऊनंतर गाठलं, त्याची सुरुवात या पेढ्यांपासून.

"पाऊण नाही, दीड तास," बायको म्हणाली.

पूर्वी अशा वेळी कॅसेट हा शेवटचा शब्द असे. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग सासऱ्यांनी हौसेने केलं होतं आणि कॅसेट, अल्बम दोन्ही माहेरच्या तळमजल्यावरच्या कपाटात होतं. वाद फार पेटला की मेहुणा कॅसेट लावून निकाल देई. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली. अर्ध्या शहराचे संसार चिखलात गेले, तिथे आमच्या कॅसेटचं कुठे काढत बसायचं? सासरे घर धुऊन काढत होते आणि फोनवर एवढंच म्हणाले, "लग्न गेलं हो वाहून." तेव्हापासून आमच्या लग्नाला पुरावा नाही. आणि खरं सांगायचं तर तेव्हापासूनच ते बहरलं आहे. सनईवाला एक होता, त्याचे दोन झाले. साधे मोतीचूर लाडू होते, ते यंदा साजूक तुपातले झाले.

उंब्रजला हायवे सोडून गाडी आत वळली. पाटणला एक बाई मांडीवर आंब्यांची करंडी घेऊन आमच्या शेजारी टेकल्या आणि कान देऊन ऐकू लागल्या. श्रोता मिळाल्याबरोबर मी मुलीकडची बाजू मांडायला घेतली. त्या काळी मोबाइल नव्हते, त्यामुळे वऱ्हाड कुठे अडकलंय याचा चिपळुणात पत्ता नाही. सासरे फेटा बांधून रस्त्यावर उभे. येणाऱ्या प्रत्येक एसटीला हात जोडायचे. सातच्या सुमारास फुलांच्या माळा लावलेली एक गाडी आली. सनई सुरू झाली, वऱ्हाडाला पन्हं दिलं, अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं. विहीणबाईंचे पाय धुवायला तांब्या पुढे केला, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की या नवऱ्याला मिशा आहेत. ते वऱ्हाड निघालं होतं रत्नागिरीला. चहासाठी थांबलं होतं.

"पाय धुतले नाहीत," बायको ठणकावून म्हणाली. "नुसतं पन्हं दिलं."

"मला तुझ्या भावाने सांगितलंय."

"तो तेव्हा बर्फ आणायला गेला होता!"

बाईंनी करंडी सावरली. "मंजी ताई, तुमी गाडीत नव्हता. आन् हे कार्यालयात नव्हते. मग लगीन बगितलं कुनी?"

लग्नात मात्र आम्ही दोघंही होतो. तेवढ्या भागाबद्दल आमचं पूर्ण एकमत आहे : काही आठवत नाही. मला मानेवरून ओघळणारा घाम आणि कानात अडकलेली अक्षता एवढंच आठवतं. तिला अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक आठवतं, कारण तिच्यासमोर तेवढंच होतं. बाई कोयनानगरला उतरल्या. जाताना बायकोच्या हातात दोन आंबे ठेवून गेल्या. मला नाही.

घाट लागला. कोयना मुळात पूर्वेला कृष्णेकडे जाणारी नदी. पण धरणातलं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीच्या भूमिगत वीजघरात उतरवलं आहे आणि वीज करून झाली की ते वाशिष्ठीला मिळतं. मी हे रंगात येऊन समजावत होतो.

"म्हणजे तुमच्या घाटावरचं पाणीसुद्धा बोगदा खणून आमच्याकडे पळून येतं," बायको म्हणाली. "मी एकटीच उलटी वर चढले."

चिपळूणला उतरल्यावर मेहुण्याचं घर सोडून ती आधी कार्यालयाकडेच वळली. कार्यालय जागेवर होतं, आणि मे महिना असल्याने रिकामं नव्हतं. दारात कमान, कमानीखाली अत्तरदाणी घेतलेली मुलगी.

"या ना, कुणाकडचे?"

"मुलाकडचे," मी म्हणालो.

"मुलीकडची," बायको त्याच क्षणी म्हणाली.

मुलीला यात काही वावगं वाटलं नाही. मला मुलाकडच्यांच्या पंगतीत बसवलं. मसालेभात आला, अळूची पातळ भाजी आली, जिलबीवर जिलबी आली. आणि मला आमच्या पंगतीतला मठ्ठा आठवला. तो संपला होता. मामांनी दोनदा मागितला आणि दोनदा वाढप्याने "आणतो" म्हणून पाठ फिरवली. हे मी स्वतः, जागेपणी पाहिलेलं आहे. बायकोला हे आजवर मान्य नाही.

मुलीकडच्यांना मात्र वऱ्हाड जेवल्याशिवाय कोण बसू देतं? कुणीतरी "मावशी, जरा हात लावा" म्हणालं असावं. मान वर केली तर पदर खोचून, हातात भलंमोठं भांडं घेऊन ती पंगतीतून येत होती. माझ्या पानाशी थांबली. वाटी काठोकाठ भरली, मग पेला भरला, मग शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा पेलाही भरून माझ्यापुढे सरकवला.

"प्या," ती म्हणाली. "आत अजून दोन पिंपं आहेत. तेव्हाही होती."